लेझर दोन, कामं दोन

मांजर ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतं, जोर करतं, ओरडतं. लघवी दोन-चार थेंबच होते, तीही लालसर. अशा वेळी ‘लेझर देऊन बघू’ असा पर्याय हल्ली काही क्लिनिकमध्ये सुचवला जातो. होकार देण्याआधी विचारा : कोणता लेझर, आणि कशासाठी?

पहिला लेझर खडे फोडतो. प्राण्याला पूर्ण भूल देऊन मूत्रमार्गातून बारीक दुर्बीण आत नेतात, होल्मियम लेझरचा तंतू खड्याला भिडवतात आणि चुरा पाण्याने धुऊन काढतात. पोटावर चिरा द्यावा लागत नाही. कुत्रीचा मूत्रमार्ग रुंद असल्याने तिच्यात हे सोपं जातं. बोक्याचा मार्ग इतका अरुंद, की तिथे ते बहुधा जमत नाही. प्रत्येक खड्याला लेझर लागतोच असंही नाही. स्ट्रुव्हाइटचे खडे अनेकदा खास आहाराने विरघळतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळत नाहीत.

दुसरा लेझर कातडीवरून फिरवतात. १९६७मध्ये बुडापेस्टच्या एन्द्रे मेस्टर यांना लेझर दिलेल्या उंदरांची भादरलेली लव लवकर उगवताना दिसली. या उपचाराचं मूळ तिथलं. लाल आणि त्यापलीकडचा अदृश्य प्रकाश पेशी शोषून घेतात आणि त्यामुळे सूज व वेदना उतरायला मदत होते, असा त्यामागचा विचार. उपचार चालू असताना खोलीतल्या सगळ्यांच्या डोळ्यांना संरक्षण हवं; गाठ कर्करोगाची असल्याची शंका असेल तर तिच्यावर हा प्रकाश टाकत नाहीत. सांधेदुखीत तो बराच वापरला जातो. मूत्राशयाच्या दाहावर मात्र पुरावा तुटपुंजा आहे. मांजरांमध्ये हा दाह अनेकदा जंतूंविना, ताणामुळे होतो. तिथे स्वच्छ ट्रे, भरपूर पाणी आणि शांत कोपरा यांना पर्याय नाही.

मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात तर अपेक्षा आवरलेलीच बरी. रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तोवर साधारण तीन चतुर्थांश क्षमता गेलेली असते, आणि गेलेला भाग कोणत्याही प्रकाशाने परत येत नाही. कमी फॉस्फरसचा आहार, पाणी आणि रक्तदाबावर नियंत्रण, हाच उपचाराचा कणा.

बोक्याची लघवी पूर्ण अडली असेल, तर लेझरचा विचारही नको. रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकतं. नळी घालून वाट मोकळी करावीच लागते. घरातली पॅरासिटामॉल देऊ नका, मांजराला ती विष आहे. सकाळची वाट न पाहता थेट दवाखाना गाठा.