फुलपाखरू हवं तर तरोटा उपटू नका

फुलपाखरांसाठी बाग करायची म्हटलं की नर्सरीतून झेंडू, जास्वंद, घाणेरी आणली जाते. फुलपाखरं येतात, मध पितात आणि निघून जातात. मध अनेक फुलांवर मिळतो, पण अंडी घालायला प्रत्येक जातीला आपलं ठरलेलं झाड लागतं आणि ते त्या बागेत नसतं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसला कोळशाच्या खाणी, सिमेंटचा कारखाना आणि स्पंज आयर्नची भट्टी आहे. रस्त्याकडेच्या पानांवर धूळ बसलेली असते. इथे फुलपाखरं कशाला असतील, असं पाहुण्याला वाटेल. पण पावसाळ्यात रिकाम्या प्लॉटवर आणि रेल्वेच्या रुळांलगत जे तण माजतं, त्यातली बरीचशी झाडं फुलपाखरांच्या अळ्यांचं अन्न आहेत. घुग्घुसची फुलपाखरं समजून घ्यायची तर सुरुवात या तणापासून करावी.

अंडं ते फुलपाखरू

मादी पानावर उतरते आणि पायांनी टकटक करून पान चाखते. तिची चव कळणारी इंद्रियं पायांवरही असतात. झाड योग्य असेल तरच अंडं घातलं जातं, बहुधा कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूला. तीन ते पाच दिवसांत अळी बाहेर येते आणि अनेक जातींत आधी अंड्याचं कवच खाऊन मग पानाला तोंड लावते. पुढचे दोन-तीन आठवडे तिचं काम एकच, खाणं. कातडी आखूड झाली की ती टाकून देते. असं साधारण चार वेळा होतं आणि मग कोश होतो. कोशातून आठ-दहा दिवसांत फुलपाखरू निघतं. ऊन-पावसाप्रमाणे हा हिशेब मागेपुढे होतो, पण बहुतेक सामान्य जातींचा फेरा महिनाभरात पुरा होतो. वाटेत मुंग्या, कोळी, पक्षी आणि अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या टपलेल्या असतात, त्यामुळे फार थोड्या अंड्यांचं फुलपाखरू होतं.

रुईवरचा प्लेन टायगर

रुईचा चीक विषारी. गुरं तिला तोंड लावत नाहीत, म्हणून ती उकिरड्यावरही निवांत वाढते. प्लेन टायगरची अळी नेमकी हीच पानं खाते. अळी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, त्यावर पिवळे ठिपके आणि अंगावर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या. रुईतलं विष ती शरीरात साठवते आणि ते पुढे फुलपाखरातही उतरतं. एकदा चव घेतलेला पक्षी त्या नारिंगी पंखांच्या वाटेला पुन्हा जात नाही. कोश उलटा लटकलेला असतो, हिरवा किंवा गुलाबीसर.

या दहशतीचा फायदा दुसरंच फुलपाखरू उठवतं. डॅनाइड एगफ्लायच्या अंगात विष नाही, पण त्याची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते. नर मात्र काळा, पंखांवर मोठे पांढरे ठिपके असलेला. दोघांना शेजारी पाहिलं तर एका जातीचे म्हणायला मन तयार होत नाही. या फुलपाखराला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलं. त्याची अळी खाते काय, तर घोळ. आपण भाजी करतो तीच.

तरोटा आणि बहावा

पहिल्या पावसानंतर तरोट्याची कोवळी पानं भाजीला खुडली जातात. ती जून झाली की आपला तरोट्याशी संबंध संपतो आणि फुलपाखरांचा चालू राहतो. फिकट हिरवट-पांढरं मॉटल्ड एमिग्रंट आणि जमिनीलगत उडणारं पिवळं कॉमन ग्रास यलो, दोन्ही तरोट्यावर अंडी घालतात. कॉमन एमिग्रंटला बहावा आवडतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला बहाव्याच्या नव्या पालवीची कधीकधी चाळणी होते. झाड आजारी पडलं म्हणून औषध फवारायची घाई करू नये, बहावा पुन्हा फुटतो.

गोडलिंबावरची अळी

कुंडीतल्या गोडलिंबाच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखी दिसली तर नीट पाहा, ती बहुधा लाइम बटरफ्लायची लहान अळी असते. शत्रूने आपल्याला घाण समजून सोडून द्यावं, हीच तिची युक्ती. मोठी झाली की ती पानासारखी हिरवी होते. डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी, दोन टोकांचा अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. लिंबू, संत्रा, बेल हीही तिची झाडं. संत्र्याचे बागायतदार तिला कीडच म्हणतात, आणि त्यांचंही बरोबर आहे. रोपवाटिकेतल्या कोवळ्या कलमांची पानं ती साफ करते. घरच्या गोडलिंबाचं मात्र दोन-चार फांद्यांनी काही बिघडत नाही.

याच झाडांवर कॉमन मॉरमॉनही वाढतो. त्याची कथा जास्त गुंतागुंतीची आहे. नर एकाच प्रकारचा, मादी तीन रूपांची. एक नरासारखी, दुसरी कॉमन रोझची नक्कल, तिसरी क्रिमसन रोझची. ही दोन्ही रोझ फुलपाखरं अळी असताना ईश्वरीसारख्या विषारी वेलींवर वाढतात, म्हणून पक्षी त्यांना टाळतात. काळ्या मातीच्या शेतात तण म्हणून उगवणारी कीडामारीही याच कुळातली आणि कॉमन रोझची अळी तिच्यावरही वाढते. मादीचं रूप कशावर ठरतं, याचं उत्तर कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दिलं. ‘डबलसेक्स’ नावाचं एकच जनुक हा सगळा वेश ठरवतं.

आणखी काही झाडं

एरंडावर कॉमन कॅस्टर, बोरीवर कॉमन पिएरो, पानफुटीवर रेड पिएरो. या शेवटच्याची अळी पानाच्या आत शिरून गर खाते. आंब्यावर कॉमन बॅरनची अळी पानाच्या मधल्या शिरेवर अशी पसरते की असूनही दिसत नाही. आंब्या-मोहावरचं बांडगूळ कॉमन जेझबेलचं. आषाढात भाजीसाठी शोधतात ती वाघाटी पायोनियरची. कॉलनीतल्या कुंपणालगतच्या उंच अशोकावर टेल्ड जे हमखास. आणि एपफ्लायची अळी तर पाला खातच नाही, ती पिठ्या ढेकूण खाते. असा पाहुणा बागेत आला तर शेतकऱ्याने आनंदच मानावा.

जंगलाच्या बाजूला

घुग्घुसहून ताडोबाकडे किंवा पूर्वेला झाडीपट्टीत गेलं की सागवान, येन, बांबू आणि धानाची शेतं लागतात. धान आणि गवतावर वाढणारं कॉमन इव्हनिंग ब्राउन संध्याकाळी उडतं. पावसाळ्यात त्याच्या पंखाखाली डोळ्यांसारखे ठिपके ठळक असतात. उन्हाळी पिढीत ते जवळपास नाहीसे होतात आणि पंख वाळक्या पानासारखे होतात.

अळी आणि झाड यांचं नातं इथल्या माणसांना पुस्तकातून शिकायची गरज नाही. गडचिरोलीत आरमोरीच्या बाजूच्या ढिवर कुटुंबांतले लोक येन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचा कोसा घेतात. तो कीटक पतंग आहे, फुलपाखरू नव्हे, पण नियम तोच: झाड नाही तर अळी नाही.

महाराष्ट्राने 2015 मध्ये ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू ठरवलं. त्याचं मुख्य घर सह्याद्री. आपल्याकडे त्याची वाट बघण्यापेक्षा दारातली रुई पाहणं जास्त फळाला येतं.

कधी, कुठे

ऑगस्ट ते नोव्हेंबर हा उत्तम काळ. ऊन तापू लागलं की, साधारण सकाळी नऊनंतर, फुलपाखरं पंख पसरून बसतात. नदीकाठच्या ओल्या मातीवर नरांचे थवे क्षार शोषताना दिसतात. त्यांना पाहायला दुर्बीण लागत नाही, थोडं थांबावं लागतं. अळी हवी असेल तर पान उलटून बघा, आणि ती सापडली तर झाडावरच राहू द्या.

यंदा पोळ्याआधी अंगण साफ कराल, तेव्हा कोपऱ्यातला हातभर तरोटा आणि रुईचं एखादं झुडूप तेवढं सोडा.