पुतण्या ढिम्म, आम्ही टक्क

सबमिशन संपलं आणि आम्ही चौघं रूम पार्टनरच्या घरी, मुळशीतल्या माले गावी गेलो. बाहेर धो धो पाऊस, लाईट गेलेली, माजघरात ओळीनं अंथरुणं. रात्री दोनपर्यंत आम्ही टक्क जागे. त्याचा पाच वर्षांचा पुतण्या मात्र ढिम्म! उचलून दुसऱ्या गादीवर टाकला तरी त्याला पत्ता नाही. पहाटे चारला आजी उठून चुलीपाशी. "म्हातारपणी कसली रे झोप," म्हणाली.

परतल्यावर थोडं वाचलं, तेव्हा कळलं की एकाच माजघरात तीन वेगळे सिग्नल झोपले होते.

झोपेत मेंदू बंद पडत नाही. गाढ झोपेत ईईजीवर संथ, उंच लाटा उमटतात. सेकंदाला चारपेक्षाही कमी. या डेल्टा लाटा. असंख्य पेशी एकदम चालू, एकदम बंद होतात म्हणून लाट उंच. ढोलपथकासारखंच, ठेका एक असला की आवाज घुमतो. मोठ्या माणसात ७५ मायक्रोव्होल्टच्या वरची लाट गाढ झोपेची धरतात. लहान मुलांत ती २०० च्याही वर जाते. पुतण्या का उठला नाही, ते आलं ना लक्षात?

खरी गंमत वयात येताना होते. साधारण अकरा-बारा ते सोळा-सतरा या वयात डेल्टाची पॉवर निम्म्याहून जास्त घटते. अमेरिकेतल्या अर्विन फाइनबर्ग यांनी १९८२ मध्ये याचं कारण सुचवलं : शेतकरी पिकाची विरळणी करतो, तसा मेंदू पेशींमधल्या जास्तीच्या जोडण्या छाटतो. जोडण्या कमी, म्हणून लाटही ठेंगणी. म्हणजे हा बिघाड नव्हे, बांधकाम आहे. झुरिचच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की सर्वांत जोरदार लाटांची जागाही वयानुसार सरकते. लहानपणी ती डोक्याच्या मागे असते, जिथे पाहण्याचं काम चालतं. मोठेपणी ती कपाळामागे येते, जिथे विचार आणि संयम. पुढे म्हातारपणी लाटा आणखी खुजी होतात, झोप सावध होते. आजीचं बरोबरच होतं.

आणि आमचं जागरण? वयात येताना मेंदूतलं घड्याळही मागे पडतं, झोप उशिरा येते. हा उशीर विशीच्या आसपास सर्वांत जास्त असतो. (रेक्टर सरांनी कृपया नोंद घ्यावी. उशाशी मोबाईल असतो, हेही खरं, पण ते आम्ही सांगणार नाही.) स्वप्नांची झोप जास्त करून रात्रीच्या उत्तरार्धात येते. दोनला झोपून सकाळच्या पहिल्या लेक्चरला पळणारा नेमकी तीच कापतो.

सकाळी अंगणभर पाणी पाहून पुतण्यानं विचारलं, "काका, रात्री पाऊस पडला?"