बुलेट उचलायची नसतेच

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे. त्यामुळे लोणावळ्याकडे निघालेल्या बहुतेक मोटरसायकली पनवेलवरून जुन्या रस्त्याने खोपोली आणि बोरघाट गाठतात. कोकणात जाणाऱ्यांना तर पनवेलला वळसा घालून चालतच नाही, कारण कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ इथूनच सुरू होतो. साहजिकच या गावाला जड मोटरसायकलींची सवय आहे. एमएच ४६ पाटीच्या घरच्या बुलेट आहेतच, शिवाय सुट्टीच्या दिवशी बाहेरून येणाऱ्या हिमालयन, इंटरसेप्टर आणि जावा आहेत. त्या रस्त्यावर धावताना वजनाची आठवण कुणाला होत नाही. आठवण होते ती स्टेशनबाहेरच्या खच्चून भरलेल्या पार्किंगमध्ये, ‘साहेब, डबल स्टँडवर लावा’ असं कुणी म्हटल्यावर. साईड स्टँडवर कललेली बुलेट शेजारच्या गाडीची जागा खाते, त्यामुळे मागणी रास्त असते. पण ती ऐकून भल्याभल्यांचा चेहरा उतरतो. मग हँडल धरून, पाठ वाकवून, दात ओठ खात गाडी वर ओढण्याचा कार्यक्रम सुरू होतो. दोन-तीन झटक्यांत ती चढत नाही, बघ्यांपैकी कुणीतरी मागून हात लावतो, आणि मालक मनाशी ठरवतो की हे आपल्या ताकदीचं काम नाही.

हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो आकड्यांनीच खोटा ठरतो. क्लासिक ३५० चं पेट्रोल-ऑइलसह वजन १९५ किलो आहे. स्प्लेंडरचं सुमारे ११२. १९५ किलो हा आकडा घाबरवणारा आहे खरा, पण ही गाडी कुणालाच उचलायची नसते. स्टँड मिटलेला असतो तेव्हा त्याचे दोन पाय मागच्या चाकाकडे वळून आडवे पडलेले असतात. डाव्या बाजूच्या दांडीवर पाय दिला की ते खाली येऊन जमिनीला टेकतात. त्या क्षणी ते सरळ उभे नसतात, वरच्या खिळीच्या थोडे मागे टेकलेले असतात. तिथून पुढे स्टँडचे पाय जागेवर राहतात आणि गाडी त्यांच्यावरून मागे सरकते. आधी जराशी वर चढते, माथा ओलांडते, किंचित खाली येते आणि अडून बसते. म्हणजे गाडी आकाशात न्यायची नाही, एका बुटक्या कमानीवरून मागे पार करायची आहे.

ही कमान किती बुटकी? मॉडेलप्रमाणे मापं बदलतात, पण हिशेबासाठी स्टँडच्या पायांची लांबी ३० सेंटिमीटर धरू आणि टेकताना ते उभ्या रेषेपासून २५ अंश कललेले आहेत असं मानू. मग माथ्यापर्यंत गाडी चढते जेमतेम २.८ सेंटिमीटर आणि मागे सरकते सुमारे १३ सेंटिमीटर. सगळंच्या सगळं वजन स्टँडवर येतं असं कडक गृहीत धरलं, तरी लागणारं काम साधारण ५४ ज्यूल होतं. स्वयंपाकघरातला भरलेला गॅस सिलिंडर, म्हणजे सुमारे ३० किलो, जमिनीपासून वीतभराहून थोडा कमी उचलायला एवढंच काम लागतं. प्रत्यक्षात ते याहूनही कमी भरतं, कारण पुढचं चाक जमिनीवरच राहून आपला वाटा पेलतं आणि गाडी चढताना मागचे शॉकअप पसरून सुरुवातीला थोडा हातभार लावतात.

मग एवढ्याशा कामाला घाम का फुटतो? कारण ते चुकीच्या अवयवाकडून करून घेतलं जातं. नुसत्या हातांनी गाडी मागे ओढायची ठरवली तर याच हिशेबाने सुरुवातीच्या क्षणी सुमारे ९० किलोचा ओढा लागतो. माथ्यापर्यंत तो शून्यावर येतो, पण सरासरी काढली तरी ४३ किलोच्या आसपास जाते. हात ताणलेले, कंबर वाकलेली आणि वळलेली, आणि त्यात झटका, ही पाठीच्या खालच्या मणक्यांना दुखापत करून घेण्याची हुकमी पद्धत आहे. आता दांडीकडे पाहू. ती उगाच बसवलेली नाही. साठ किलोचा माणूस त्या दांडीवर अक्षरशः उभा राहिला, म्हणजे दुसरा पाय जमिनीवरून सुटला, आणि दांडी सहा सेंटिमीटर खाली गेली, तर त्याच्या नुसत्या वजनाने सुमारे ३५ ज्यूल काम होतं. एकूण कामाच्या जवळपास दोन तृतीयांश! उरलेल्यासाठी हातांनी सरासरी पंधरा किलोचा ओढा पुरतो. पण दुसरा पाय जमिनीवर ठेवून दांडीवर निम्मंच वजन दिलं, तर हातांच्या वाट्याला एकदम २८-२९ किलो येतात. मालक आणि गॅरेजमधला पोऱ्या यांच्यातला फरक इथे आहे. पोऱ्या अंगाने किरकोळ असतो, पण तो गाडीवर चढतो. मालक तिला ओढतो.

हे सगळं एका अटीवर. दांडी दाबण्याआधी गाडी सरळ उभी पाहिजे आणि स्टँडचे दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीला टेकले पाहिजेत. एकच पाय टेकला तर दिलेला सगळा जोर गाडी आडवी पाडण्यात खर्च होतो. म्हणून जाणकार आधी दांडी हळूच दाबून हँडल डावी-उजवीकडे किंचित हलवतात. दोन्ही पाय टेकल्याचं पायाच्या तळव्याला कळतं, आणि त्यानंतरच वजन टाकायचं. डावा हात हँडलवर फक्त तोल सांभाळतो. उजवा हात मागच्या सीटजवळच्या पकडीवर असतो आणि त्याचा ओढा मागे आणि वर असतो. पाठ सरळ. बस, इतकंच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: साठ किलोच्या माणसाचं ठीक आहे, हलक्या माणसाचं काय? हिशेब पुन्हा मांडू. पन्नास किलोचा माणूस दांडीवर उभा राहिला तर हातांच्या वाट्याला पंधराऐवजी वीसच्या आतबाहेर किलो येतात. फरक आहे, पण त्यामुळे काम अशक्य ठरत नाही. पुण्यात २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘बाइकर्नी’ या महिला मोटरसायकलस्वारांच्या संस्थेच्या सदस्या याच वजनाच्या गाड्या घेऊन हिमालयापर्यंत जाऊन येतात, तेव्हा वजनाचा बाऊ पुरुषी फुशारकीतून जास्त आणि वस्तुस्थितीतून कमी आलाय, असं म्हणायला जागा आहे. उंचीचा मुद्दा मात्र खरा आहे. बुटक्या माणसाला मागची पकड धरून दांडीवर उभं राहताना अवघडल्यासारखं होतं, आणि काही गाड्यांची दांडी इतकी आखूड असते की बुटाचा अर्धाच भाग तिच्यावर बसतो. तिथे दोष माणसाचा नाही, आखणीचा आहे. बीएमडब्ल्यू आर १२५० जीएस ही गाडी २४९ किलोची असूनही डबल स्टँडसह येत असे. जड गाडीसाठी दांडी नीट घडवता येते, हे त्यावरून दिसतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कोकणात निघालेल्या गाडीवर मागे दोन्ही बाजूंना पिशव्या असतात, त्यावर तंबू, त्यावर पाण्याच्या बाटल्या. तिला हा हिशेब लागू पडतो का? तत्त्व तेच राहतं, आकडे बिघडतात. वीस किलो सामानाने मागचे शॉकअप दबून गाडी एक सेंटिमीटर खाली बसली तर चढ २.८ ऐवजी ३.८ सेंटिमीटरचा होतो आणि काम जवळपास दीडपट होतं. गंमत अशी की यात वाढलेल्या वजनापेक्षा त्या एका सेंटिमीटरचा वाटा मोठा आहे. मागच्या टायरमध्ये हवा कमी असली तरी असाच परिणाम होतो. म्हणून ‘आज गाडी डबल स्टँडवर येत नाहीये’ असं वाटलं तर दंड चाचपण्याआधी हवा तपासावी, आणि सामान भरलेल्या गाडीच्या शॉकअपची स्प्रिंग कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे एक-दोन खाचा कडक करून घ्यावी. जमिनीचा उतारही तितकाच महत्त्वाचा. गाडी स्टँडवर जाताना मागे सरकते, तेव्हा तोंड उताराकडे करून उभ्या केलेल्या गाडीला आपण चढावर ढकलत असतो. तोंड किंचित चढाकडे ठेवलं तर तोच उतार मदतीला येतो.

तिसरा आक्षेप वेगळ्याच दिशेने येतो. एवढं रामायण कशासाठी, साईड स्टँड आहे की! रोजच्या दहा मिनिटांच्या थांब्यासाठी साईड स्टँडच बरा, हे मान्य. चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूक आणि ट्रायम्फ स्पीड ४०० यांना तर डबल स्टँड नसतोच. काही किलो वजन वाचतं, खर्च वाचतो, वळणावर गाडी झुकवताना खाली घासणारा एक लोखंडी सांगाडा कमी होतो, आणि इंजिनाखालच्या सायलेन्सरला जागा मिळते. ट्यूबलेस टायरचं पंक्चर चाक न काढता निघतं, तेव्हा तिथेही डबल स्टँडवाचून अडत नाही. पण तारांच्या चाकांच्या बुलेटमध्ये ट्यूब असते, आणि पंक्चर झालं की चाक उतरवावंच लागतं. कर्नाळ्याच्या रस्त्यावर भर पावसात हे घडलं तर डबल स्टँड हाच गॅरेजचा जॅक. चेनचंही तसंच. साधारण दर ५०० किलोमीटरला तेल द्यायचं म्हणतात, पण जून ते सप्टेंबर कोकणात फिरणाऱ्याला ते त्याहून बरंच आधी द्यावं लागतं, आणि त्यासाठी मागचं चाक हाताने मोकळं फिरवता आलं पाहिजे (इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून कधीही नाही, चेन आणि चकतीत सापडून बोटं जातात). बुलेटच्या इंजिन-ऑइलची पातळी गाडी सरळ उभी असतानाच खरी दिसते. ज्यांना डबल स्टँड जमत नाही ते ही तिन्ही कामं टाळत जातात, आणि बिल नंतर येतं.

आणखी एक शंका रास्त आहे. हे इतकं सोपं असेल तर लोकांना येत का नाही? कारण ते कुणी शिकवत नाही, आणि पूर्वी शिकवायची गरज नव्हती. १९७२ मध्ये आलेली बजाज चेतक महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाच्या दारात उभी राहिली ती डबल स्टँडवरच. घरातला दहावीतला मुलगा स्कूटर चालवायला शिकण्याआधी तिला स्टँडवर चढवायला शिकत असे, आणि तेही बापाचं बघून. जुनी बुलेट अनेकजण डबल स्टँडवर घेऊनच किक मारत. मग सेल्फ-स्टार्ट आला, साईड स्टँड सर्वत्र झाला, आणि रॉयल एनफील्डच्या नव्या ३५० इंजिनांना तर किकच उरली नाही. सवयीने मिळणारं कौशल्य सवयीबरोबर गेलं, गाडीचं वजन मात्र होतं तिथेच राहिलं. ब्रिटनमध्ये १९९० पासून नव्या मोटरसायकलस्वारांना जे सक्तीचं प्राथमिक प्रशिक्षण घ्यावं लागतं, त्यात रस्त्यावर जाण्याआधी गाडी स्टँडवर घेणं-उतरवणं आणि इंजिन बंद ठेवून ती ढकलत फिरवणं करून दाखवावं लागतं. जपानमधल्या प्रशिक्षण शाळांत पडलेली गाडी उभी करणं आणि डबल स्टँडवर घेणं हे सुरुवातीचेच धडे असतात. आपल्याकडे आरटीओसमोर आठचा आकडा काढला की काम झालं, तोही बऱ्याचदा कुणाच्या तरी हलक्या गाडीवर. पनवेलच्या आरटीओत असो की आणखी कुठे, चाचणीत दोन मिनिटांची ही भर टाकायला नवी यंत्रसामग्री लागत नाही. शोरूमनेही किल्ली देताना फोटो काढण्यात जातो त्याच्या निम्मा वेळ यासाठी द्यायला हरकत नाही.

पद्धत बरोबर असूनही गाडी चढत नसेल तर दोष लोखंडात शोधावा. पावसाळ्यानंतर स्टँडच्या खिळीत चिखल आणि गंज बसतो, ग्रीस सुकतं, आणि पायाचा बराच जोर नुसत्या घर्षणात जातो. स्टँडवर उभ्या गाडीवर बसून गप्पा मारण्याची आवड असलेल्यांच्या गाडीचा स्टँड हळूहळू वाकतो किंवा त्याचा अडसर झिजतो, आणि मग कमानीचं मापच बदलतं. ओल्या मातीत स्टँडचे पाय रुततात, तिथे खाली फरशीचा तुकडा किंवा सपाट दगड हवाच. पाठीचं दुखणं असलेल्यांनी आणि सामानाने लादलेल्या गाडीच्या मालकांनी गॅरेजवाल्यांची जुनी युक्ती वापरावी. दीड-दोन सेंटिमीटर जाडीची फळी घ्यायची, मागचं चाक तिच्यावर चढवायचं आणि स्टँडचे पाय मात्र फळीच्या बाहेर, जमिनीवरच टेकतील असं पाहायचं. गाडी आधीच थोडी वर आलेली असते, कमान बुटकी होते आणि हातांना फारसं काम उरत नाही. फक्त फळी चाकापेक्षा रुंद असावी, आणि गाडी मागे सरकताना चाक तिच्यावरच राहील इतकी लांब असावी.