गाईचे शेपूट आणि स्वच्छ दूध

गाईचे शेपूट कापण्याची चाल आपल्याकडे नाही. तरीही या विषयावर येथे लिहिण्याचे कारण असे की, होल्स्टीन व जर्सी रक्ताच्या संकरित गाई आता आपल्या गोठ्यांत मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांच्याबरोबर परदेशांतील गोसंगोपनाच्या रीतींची माहितीही खेड्यापर्यंत पोहोचत असते. त्यांतील कित्येक रीती अनुकरणीय आहेत. शेपूट कापण्याची रीत मात्र तेथील दूध उत्पादकांनाच अखेर सोडावी लागली. ती का पडली व का सोडावी लागली, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांस ठाऊक असणे इष्ट आहे.

ही चाल न्यूझीलंडमध्ये विशेष रूढ होती. आपल्याकडे दूध काढणारा मनुष्य गाईच्या बाजूस बसतो. तेथे तो गाईच्या मागे उभा असतो. 1952 साली वायकाटो भागातील रॉन शार्प या शेतकऱ्याने, गाई तिरप्या ओळीत उभ्या राहतील व दूध काढणारा मधल्या खोलगट जागेत उभा राहील, असे दोहनगृह तयार केले. पुढे फिरत्या चौथऱ्याची दोहनगृहे आली. या रचनेत श्रम पुष्कळ वाचले. परंतु शेणामुताने भरलेल्या शेपटाचा फटकारा दूध काढणाऱ्याच्या तोंडावर बसू लागला. शिवाय गाईच्या मूत्रातून लेप्टोस्पायरा नावाचे जंतू माणसास बाधतात. आपल्या कोकणात पावसाळ्यात ‘लेप्टो’ म्हणून जो ताप परिचित आहे, तोच हा रोग. शेपूट नसले म्हणजे हा संसर्ग टळेल, कास स्वच्छ राहील आणि दूधही निर्मळ मिळेल, अशी समजूत पसरली. अमेरिकेत 2007 साली झालेल्या सरकारी पाहणीत शेकडा 39 च्या आसपास दुभत्या गाईंची शेपटे कापलेली आढळली.

शेपूट कापण्याचे काम बहुधा कालवड असतानाच होत असे. शेपटावर घट्ट रबरी कडे चढवावयाचे. त्यापुढील भागाचा रक्तपुरवठा बंद पडून तो काही आठवड्यांत सुकून गळतो, किंवा काही दिवसांनी कापून टाकतात. शेपूट म्हणजे केवळ केसांचा झुपका नव्हे. त्यात मणके आहेत, स्नायू आहेत आणि मज्जातंतू आहेत. कापलेल्या जागी मज्जातंतूंच्या टोकांस गाठी येतात व उरलेला बुंधा उष्णतेस व थंडीस अधिक संवेदनशील होतो, असे पुढे शास्त्रज्ञांस दिसून आले.

आता ज्या लाभासाठी हे सर्व चालले होते, तो लाभ तरी मिळत होता काय? कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी एकाच गोठ्यातील काही गाईंची शेपटे कापून व काहींची तशीच ठेवून तुलना केली. ती 2001 साली प्रसिद्ध झाली. पुढील वर्षी अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाने आठ गोठ्यांतील 1,250 गाईंवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. दोन्ही ठिकाणी कासेच्या स्वच्छतेत किंवा दुधातील पेशींच्या संख्येत (ही संख्या वाढणे हे कासदाहाचे लक्षण होय) म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. कासेला घाण लागते ती मुख्यतः गाय ज्या जागेवर बसते त्या जागेची. जमीन ओली व शेणाने भरलेली असेल, तर बिनशेपटाची गायही तितकीच मळते. एखादी चाल एकदा सोयीची वाटली म्हणजे तिचे मोजमाप घेण्याची घाई कोणास नसते, हेच खरे. लेप्टोपासून संरक्षणाचा मार्गही निराळा आहे. तो म्हणजे कळपास लस टोचणे व काम करणाऱ्याने अंगावरील जखमा झाकणे.

गाईने गमावले ते मात्र निश्चित होते. पाठीच्या मागील भागावर व मागच्या पायांवर बसणाऱ्या चावऱ्या माशा हाकलण्यास तिच्याजवळ शेपटाखेरीज दुसरे साधन नाही. शेपूट कापलेल्या गाईंच्या मागील भागावर माशा अधिक बसतात आणि त्या गाई वारंवार पाय आपटतात, असे पाहणीत आढळले. 2022 साली महाराष्ट्रात लम्पी चर्मरोगाने जो कहर केला, त्याच्या प्रसारात चावऱ्या माशा, डास व गोचीड यांचा हात होता, हे लक्षात घेतले म्हणजे शेपटाचे मोल वेगळे सांगावयास नको.

अमेरिकेतील दूध उत्पादकांच्या राष्ट्रीय संघाने आपल्या पशुसंगोपन कार्यक्रमात 2017 च्या आरंभापासून ही चाल बंद केली. न्यूझीलंडमध्ये 1 ऑक्टोबर 2018 पासून कायद्यानेच मनाई आहे. रोग किंवा इजा झाल्यास पशुवैद्यानेच, वेदनाशामक देऊन, शेपूट कापावयाचे. आपल्याकडे 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यान्वये जनावराचा अवयव छाटणे हा गुन्हा आहे. शिंगे काढणे, खच्चीकरण, डागणे व वेसण घालणे या गोष्टी विहित पद्धतीने करण्यास त्यात सूट आहे. शेपटाचा त्या यादीत उल्लेख नाही.

दूध काढताना शेपटाचा त्रास होत असेल, तर गोंड्याचे केस कातरावे. प्रथम बोटांनी चाचपून शेपटाचे हाड कोठे संपते ते पाहावे आणि त्याखाली चार बोटे केस राखून उरलेले कात्रीने कापावे. विळा किंवा कोयता वापरू नये. शेपूट बांधावयाचे झाल्यास गाईच्या स्वतःच्याच पायाशी सैलसर बांधावे, खुंट्यास किंवा गव्हाणीस कदापि बांधू नये, कारण गाय बुजून उसळली तर मणका मोडतो. बैल उठविण्यासाठी शेपूट पिरगाळण्याची आपल्याकडील वाईट खोडही याच कारणाने सोडली पाहिजे. गोठ्यात मूत्र वाहून जाण्यास उतार द्यावा, बसण्याची जागा कोरडी ठेवावी, आणि धारेपूर्वी सड धुऊन स्वच्छ फडक्याने कोरडे पुसावे. शेपूट धुताना त्यावर काचेसारखा पारदर्शक, चिकट सोट वाळलेला दिसला, तर गाय माजावर आली आहे किंवा येऊन गेली आहे असे समजावे आणि ती तारीख लिहून ठेवावी.