कॅप्टनच्या गैरहजेरीवर वाद, उहुराच्या गैरहजेरीचे काय?

मध्यंतरी आम्ही लोणारला गेलो होतो. सोबत आमच्या वस्तीतील चार-पाच तरुण होते. पुण्याला अभियांत्रिकी शिकणारी, सुटीत गावी आलेली ही पोरे. विवराच्या काठावर उभे राहून आम्ही त्यांना सांगू लागलो की, बेसाल्टच्या काळ्या कातळात पडलेला हा सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा कोणा देवाने वा दैत्याने केलेला नसून आकाशातून आदळलेल्या उल्केने केलेला आहे. जून २०२० मध्ये याच सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तोही चमत्कार नव्हता, खाऱ्या पाण्यातील सूक्ष्म जीवांची ती करणी होती. परंतु पोरांचे लक्ष आमच्याकडे नव्हतेच. उल्का, अवकाश हे शब्द कानावर पडताच त्यांच्यात भलताच वाद पेटला होता.

"शॅटनर नाही तर तो स्टार ट्रेक कसला?" एक म्हणत होता. "अरे, त्याचे पात्र १९९४ सालच्या चित्रपटातच मेले होते. मेलेला माणूस कुठून आणणार?" दुसरा म्हणत होता. तिसरा मध्येच म्हणाला, "मेलेले लोक अशा गोष्टींत दहा वेळा जिवंत होतात. ठरवले असते तर आणता आले असते."

ज्या वाचकांना हा विषय ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर 'स्टार ट्रेक' नावाची मालिका सुरू झाली. तेविसाव्या शतकात एक अवकाशयान तारे धुंडाळत फिरते, त्या यानावर निरनिराळ्या वंशांची माणसे एकत्र काम करतात, अशी ती कल्पना. १९६९ पर्यंत तिचे ७९ भाग झाले. यानाचा कप्तान कर्क याची भूमिका विल्यम शॅटनर यांनी केली. त्याचा सहकारी स्पॉक म्हणजे लिओनार्ड नायमॉय. पुढे चित्रपट निघाले. आणि २००९ साली जे. जे. अब्राम्स या दिग्दर्शकाने सारे पुन्हा पहिल्यापासून मांडले. कप्तान नवा, स्पॉक नवा, सगळा संच नवा. परंतु म्हातारा स्पॉक म्हणून नायमॉय यांना मात्र पडद्यावर आणले. शॅटनर यांना आणले नाही. झाले! जगभरच्या चाहत्यांत वादाला तोंड फुटले. शॅटनर यांनीही आपली नाराजी लपवून ठेवली नाही. त्यांच्यासाठी एक छोटा प्रसंग लिहिला गेला होता, पण तो चित्रित झाला नाही, हे बाहेर आल्यावर तर वाद आणखीच वाढला.

हा वाद रिकामटेकड्यांचा आहे असे कोणी म्हणेल. आम्ही तसे म्हणणार नाही. एखाद्या माणसाने आपली उमेद एका भूमिकेत ओतावी, त्या भूमिकेवर पुढे इतरांनी इमले उभारावेत, आणि नव्या घराच्या वास्तूला त्यालाच बोलावू नये, हे सामान्य माणसाच्या न्यायबुद्धीला खटकते. आपल्याकडेही असे झालेच आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये 'मिस्टर इंडिया' या १९८७ सालच्या चित्रपटावरून नवी चित्रपटमालिका काढण्याची घोषणा झाली. मुंबईत तयार झालेला, हाताला एक यंत्र बांधले की माणूस अदृश्य होतो अशा कल्पनेचा हा चित्रपट आपल्या पिढीने गावोगावी व्हिडिओवर पाहिला आहे. घोषणा होताच दिग्दर्शक शेखर कपूर म्हणाले, आम्हाला कोणी विचारले नाही. अनिल कपूर यांच्या मुलीने जाहीरपणे सांगितले की, आपल्या वडिलांनाही कोणी विचारले नाही. त्यावर जावेद अख्तर यांनी सुनावले की, कथा आणि संवाद तर लेखकांचे होते, दिग्दर्शकाचा हक्क कसला? इकडे प्रेक्षक विचारत होते, अनिल कपूर नाही, श्रीदेवी नाही, अमरीश पुरी नाहीत, मग उरले काय?

दिग्दर्शक बोलला, नटाची लेक बोलली, लेखक बोलला. ज्यांना आवाज आहे त्यांचा हक्क निदान चर्चेत तरी येतो. आमचा प्रश्न येथूनच सुरू होतो. ज्यांना आवाज नाही त्यांच्या गैरहजेरीचे काय?

लोणारच्या त्या काठावर आम्ही पोरांना विचारले, "बाबांनो, २००९ च्या चित्रपटात जुन्यांपैकी आणखी कोण नव्हते?" पोरे गप्प. मग एकाने आठवून सांगितले, "काका, उहुराचे काम करणारी बाईही नव्हती." बरोबर. निशेल निकोल्स नव्हत्या. जॉर्ज टाकेई नव्हते, ज्यांनी जपानी वंशाचे म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लहानपणी अमेरिकेच्या छावणीत कैद भोगली. वॉल्टर कोनिग नव्हते. हे तिघेही तेव्हा हयात होते. नायमॉय सोडले तर जुन्या मुख्य संचातील कोणीच पडद्यावर दिसले नाही. पण वाद पेटला तो एकट्या कप्तानासाठी!

निशेल निकोल्स कोण होत्या, हे चळवळीच्या वाचकाने जाणून घेतलेच पाहिजे. त्या कृष्णवर्णीय. मालिकेत त्या यानाच्या संदेशवहन अधिकारी होत्या. ज्या काळात अमेरिकेच्या पडद्यावर काळ्या स्त्रीला मोलकरणीखेरीज फारसे काम मिळत नव्हते, त्या काळात ही स्त्री गणवेश घालून अधिकाऱ्याच्या खुर्चीवर बसत होती. परंतु तिचे संवाद कापले जात. कंटाळून पहिल्या पर्वानंतर त्यांनी मालिका सोडायचे ठरवले. त्याच सुमारास एका कार्यक्रमात त्यांना सांगण्यात आले की, तुमचा एक चाहता तुम्हाला भेटू इच्छितो. त्या वळून पाहतात तो समोर डॉ. मार्टिन लूथर किंग!

निकोल्स यांनी ही आठवण पुढे अनेकदा सांगितली आहे. आम्ही पतिपत्नी मुलांना रात्री जागून ही एवढीच मालिका पाहू देतो, असे किंग म्हणाले. मी मालिका सोडते आहे असे त्यांनी सांगताच किंग यांचा चेहरा गंभीर झाला. तुम्हाला सोडता येणार नाही, असे त्यांनी बजावले. आपली माणसे जशी दिसली पाहिजेत तशी प्रथमच साऱ्या जगाला दिसत आहेत, हे त्यांचे म्हणणे होते. निकोल्स यांनी राजीनामा मागे घेतला.

हेच किंग १९५९ साली भारतात आले होते. केरळातील एका शाळेत, जिथे पूर्वाश्रमीच्या अस्पृश्यांची मुले शिकत होती, तिथे मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतील अस्पृश्य अशी करून दिली. प्रथम त्यांना धक्का बसला, मग पटले, हे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले. अशा माणसाला पडद्यावरील एका खुर्चीचे मोल का वाटले, हे आपल्याला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या समाजाला भूतकाळात जागा दिली गेली नाही, त्या समाजाच्या मुलीला भविष्यकाळात जागा दिसली. आम्ही तिथे असू, हे तिने पाहिले.

आणि ते नुसते दिसण्यावर थांबले नाही. १९७७ साली निकोल्स यांनी 'नासा'साठी मोहीम काढली आणि स्त्रियांना व काळ्या तरुणांना अंतराळवीर होण्यासाठी अर्ज करा म्हणून साद घातली. १९७८ साली निवडलेल्या ३५ जणांच्या तुकडीत सहा स्त्रिया आणि तीन कृष्णवर्णीय पुरुष होते. त्यांतील गायन ब्लुफोर्ड १९८३ साली अवकाशात गेले. अवकाशात जाणारे ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन. लहानपणी उहुराला पाहून स्वप्न रंगवणारी मे जेमिसन ही काळी मुलगी डॉक्टर झाली आणि १९९२ साली अवकाशात जाऊन आली. शॅटनरसुद्धा ऑक्टोबर २०२१ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, एका खासगी कंपनीच्या यानातून खरोखर अवकाश पाहून आले. साऱ्या जगाने टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या. निकोल्स जुलै २०२२ मध्ये गेल्या. त्यांनी इतरांसाठी वाट मोकळी केली.

शॅटनर यांच्याविषयी आमच्या मनात राग नाही. १९६८ साली त्या दोघांवर चित्रित झालेले चुंबन गोऱ्या-काळ्यांच्या नात्यातील मोठे पाऊल मानले जाते. ते कापले जाऊ नये म्हणून चुंबनाशिवायचे चित्रण शॅटनर यांनी मुद्दाम बिघडवले, असे खुद्द निकोल्स यांनीच सांगून ठेवले आहे. तेव्हा प्रश्न एका नटाचा नाही. मोजणाऱ्याच्या नजरेचा आहे.

आमच्यातील एक हुशार पोरगा म्हणाला, "पण काका, नव्या चित्रपटात उहुरा होतीच की. झोई सल्डाना होती. उलट तिला जुनीपेक्षा जास्त काम होते." पोराचे म्हणणे खोटे नाही. जागा राहिली, वाढली, हे चळवळीचेच यश म्हणायचे. खुर्ची कोणा एकाच्या मालकीची नसते, नव्याने बसलेच पाहिजे. परंतु खुर्ची मिळणे ही एक गोष्ट आणि ती खुर्ची कोणी मिळवून दिली हे लक्षात ठेवणे ही दुसरी गोष्ट. एकीसाठी दुसरी सोडून देता येत नाही.

हे आम्ही अमेरिकेला शिकवण्यासाठी लिहीत नाही. आपल्याच अंगणात काय चालले आहे ते पाहा. मेहकर तालुक्यातील एका गावात आम्ही जयंतीला गेलो होतो. मंडप मोठा, रोषणाई डोळे दिपवणारी. डीजेवर एक जुने भीमगीत नव्या ठेक्यात वाजत होते आणि तरुण बेभान होऊन नाचत होते. आम्हालाही आनंदच झाला. मग लक्षात आले, मंडपाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बसले आहेत. पन्नास वर्षांपूर्वी हेच गीत पेटी आणि ढोलकीवर गावोगावी नेणाऱ्या गायन पार्टीचे ते मुख्य गायक. कंदिलाच्या उजेडात, कधी पायी, कधी बैलगाडीने, मिळेल ती भाकरी खाऊन यांनी बाबासाहेब घराघरांत पोहोचवले. स्टेजवर पाहुण्यांचे हार-तुरे झाले, देणगीदारांची नावे दोनदा वाचली गेली. त्यांचे नाव कोणी घेतले नाही. आम्ही जवळ जाऊन जयभीम केला तर म्हणाले, "गाणं चालू हाय ना, बस झालं." हे त्यांचे मोठेपण झाले. आपले काय?

चाहत्यांची ती पोरे एका श्रीमंत नटासाठी रात्र-रात्र भांडतात. आपण आपल्या गायकासाठी एक शब्द बोललो नाही. मग त्यांना हसण्याचा आपल्याला काय अधिकार?

जुन्या गोष्टी नव्याने मांडण्यास आमचा विरोध नाही. तसा असता तर आम्ही जोतीराव फुल्यांचे वारस म्हणवून घेण्यास नालायक ठरलो असतो. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त दुसरे काय केले? अवतारांच्या जुन्याच कथा घेतल्या आणि नव्याने सांगितल्या. पण त्यांनी कोणाला वगळले नाही, उलट जो वगळला गेला होता त्या बळीराजाला मधोमध आणून बसवले. आणि तो ग्रंथ अर्पण कोणाला केला? निग्रोंच्या गुलामगिरीविरुद्ध झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना! उहुराच्या पूर्वजांचे दुःख जोतीरावांना पुण्यात बसून दिसले होते.

लोणारचीही अशीच कथा आहे. विष्णूने लवणासुराला मारले म्हणून हे स्थळ झाले, असे सांगतात. दैत्यसूदनाचे सुंदर देऊळ तिथे उभे आहे. विज्ञानाने ती कथा बदलली, विष्णूच्या जागी उल्का आली. चांगलेच झाले. पण तो लवणासुर कोण होता, त्याची बाजू कोणती, हे मात्र जुन्या कथेने विचारले नाही आणि नव्या कथेला त्याची गरज उरली नाही. जोतीराव लोणारच्या काठावर उभे राहिले असते तर त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला असता.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. जुने गीत नव्या चालीत जरूर वाजवा, परंतु आधी ज्याने लिहिले आणि ज्याने गावोगाव नेले त्याचे नाव माइकवरून सांगा. येत्या १४ एप्रिलला आपल्या गावातील जुन्या गायन पार्टीच्या हयात माणसांना स्टेजवर बोलवा, पहिला हार त्यांना घाला, त्यांच्या तोंडून एक कडवे ऐका आणि ते मोबाइलमध्ये जपून ठेवा. गेल्यावर शोकसभा घेऊन काही उपयोग नाही. आणि अभियांत्रिकी शिकणाऱ्या आमच्या पोरांनो, तुम्ही दुसऱ्यांच्या अवकाशयानावर किती दिवस वाद घालणार? एखादी विज्ञानकथा तुम्ही लिहा. उल्का लोणारची असू द्या, यानावरची मुलगी आपल्या वस्तीतली असू द्या. उद्या ती कथा कोणी नव्याने मांडील, तेव्हा तुम्हाला बोलावतील न बोलावतील. पण तुमचे नाव घ्यायला विसरणार नाहीत, एवढी सवय आपण आजच आपल्या गावात लावून घेऊ.