फर्निशिंगच्या छोट्या धंद्यात वेळ कसा वाचेल?

घर सजावटीच्या धंद्यात आपली पुष्कळ माणसे आहेत. कोणी पडद्याचे कापड विकतो, कोणी पडदे शिवतो, कोणी सोफा बांधतो, कोणी ब्लाइंड आणि वॉलपेपर लावून देतो. या मंडळींची मेहनत कुठे कमी नाही. कमी पडतो तो वेळ. सकाळी साइटवर माप, दुपारी दुकानात गिऱ्हाईक, संध्याकाळी कारागिरांकडे फेरी आणि रात्री वही घेऊन एस्टिमेट. ते एस्टिमेट गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत तीन दिवस जातात. तेवढ्यात मोठ्या शोरूमचा माणूस त्याच घरात बसून भाव सांगतो आणि बयाणा घेऊन जातो. आपला माल चांगला, भावही वाजवी; पण आकडा उशिरा पोहोचला म्हणून ऑर्डर गेली.

यावरचा उपाय फार खर्चाचा नाही. हल्ली त्याला ‘ऑटोमेशन’ म्हणतात. नाव मोठे असले तरी अर्थ सोपा आहे. जे काम दर वेळी एकाच रीतीने होते, त्याची रीत एकदा नीट लिहून काढावी आणि पुढे ते यंत्राच्या हवाली करावे.

कापडवाल्यांना ही कल्पना नवी वाटू नये. फ्रान्समधील लियाँ शहरात जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवर माग चालवून दाखवला. कोणता धागा वर उचलायचा हे पुठ्ठा सांगू लागला. पुढे चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने आपल्या हिशेबाच्या यंत्रासाठी हीच पुठ्ठ्याची युक्ती घेतली. म्हणजे संगणकाचे एक मूळ आपल्याच मागावर आहे, आणि सोफ्याचे जॅकार्ड कापड आपण आजही त्याच नावाने विकतो.

हिशेबाची रीत आधी कागदावर

उदाहरणादाखल एक खिडकी घेऊ. रुंदी ७२ इंच, पडद्याची उंची ८४ इंच, कापडाचा पन्हा ४८ इंच, पडदा रिंगचा, म्हणजे आयलेटचा. बाजारातला सर्वसाधारण हिशेब असा की शिवलेला एक पार्ट चुण्या धरून सुमारे २० इंच जागा झाकतो. ७२ ला २० ने भागले की ३.६ येतात, म्हणून ४ पार्ट. उंचीत वरची-खालची दुमड १२ इंच मिळवली की एका पार्टला ९६ इंच. चार पार्टचे ३८४ इंच. ३९ ने भागून वर ढकलले की १० मीटर. कापड ४५० रुपये मीटर धरले तर ४,५०० रुपये. एका पार्टला ८ रिंगा म्हणजे ३२ रिंगा. दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच सोडून रॉड ७ फूट. शिलाई चार पार्टची.

आता कापडावर मोठी फुले आहेत आणि नक्षी दर २५ इंचांनी पुन्हा येते असे समजा. सर्व पार्टवर फूल एका रेषेत हवे, तर ९६ इंच चालणार नाहीत. २५ च्या पटीत १०० इंच कापावे लागतील. चार पार्टचे ४०० इंच, म्हणजे साडेदहा मीटर. खिडकीमागे २२५ रुपये वाढले. आठ खिडक्यांच्या घरात १,८००. घाईत ही गोष्ट राहून गेली तर शेवटचा पार्ट आखूड पडतो, आणि पुन्हा मागवलेले कापड दुसऱ्या लॉटचे निघाले तर रंगात फरक दिसतो. नुकसान दुकानदाराचेच.

ही रीत बहुतेक दुकानांत एखाद्या उस्तादाच्या डोक्यात असते. तो गावी गेला की एस्टिमेट थांबते. म्हणून पहिले काम संगणक घेण्याचे नव्हे. उस्तादाजवळ बसून प्रत्येक प्रकारच्या पडद्याचा नियम लिहून घेण्याचे आहे.

मग तीच रीत शीटमध्ये

एक्सेल किंवा मोबाईलवर फुकट मिळणारी गूगल शीट यासाठी पुरेशी आहे. रुंदी, उंची, पन्हा, नक्षीचे अंतर आणि भाव एवढेच आपण भरावे. पार्ट, मीटर, रिंगा, रॉड, शिलाई आणि बेरीज शीटने काढावी. आकडा वर ढकलण्यासाठी ‘राउंडअप’ आणि नक्षीच्या पटीत नेण्यासाठी ‘सीलिंग’ अशी दोन सूत्रे त्यात तयारच असतात. थोडाफार संगणक शिकलेला घरातला मुलगा किंवा मुलगी दोन-तीन बैठकांत अशी शीट करून देऊ शकते. आठ खिडक्यांच्या घराला हाताने दीड-दोन तास लागतात. शीटमध्ये माप भरायला लागतील तेवढीच मिनिटे.

कराचा दर आणि कापडाचे भाव मात्र प्रत्येक ओळीत लिहू नयेत. त्यांचा एक वेगळा तक्ता ठेवावा आणि बाकी हिशेबाने तिथूनच दर उचलावा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याचे बरेच दर बदलले. ज्यांचा दर एका जागी होता त्यांचे काम एका दुरुस्तीत झाले. आपल्या मालाला कोणता दर लागतो हे हिशेबनिसाला विचारूनच भरावे.

त्याच मापांतून दोन कागद निघाले पाहिजेत. एक गिऱ्हाइकाचे एस्टिमेट. त्याची पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावी. दुसरी कारागिराची कटिंग चिठ्ठी: खोली, पार्ट, कापाची लांबी, रिंगा. ही चिठ्ठी कारागिराला वाचता येईल त्या लिपीत असावी, मराठी, हिंदी किंवा उर्दू. एकच माप तीनदा उतरवण्यात ६८ चे ८६ होते. ती चूक इथे टळते.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे २०१८ पासून मिळणारे फुकट अ‍ॅपही उपयोगी आहे. दुकानाची वेळ, पत्ता, बयाण्याची अट अशी नेहमीची उत्तरे त्यात साठवून ठेवता येतात. ‘माप घेतले’, ‘शिलाईत’, ‘बाकी येणे’ अशी लेबले लावली की कोणते काम कुठे अडले ते एका नजरेत कळते.

यंत्राला काय देऊ नये

माप आपल्या हातानेच घ्यावे, आणि रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी घ्यावी. जुन्या इमारतींतल्या खिडक्या क्वचितच सरळ असतात. कापडाची पारख, उन्हाच्या खोलीत कोणता रंग टिकेल हा सल्ला आणि गिऱ्हाइकाशी बोलणे हेही आपलेच काम. शीटमध्ये चुकीचे माप गेले तर ती चुकीचाच आकडा झटपट देईल.

कारागिरांच्या मनातली भीतीही समजून घ्यावी. जॅकार्डच्या मागाला लियाँच्या विणकरांनी विरोध केला होता, कारण पोट त्यावर होते. आपल्या दुकानात यंत्र हिशेब करते, शिलाई नाही, हे त्यांना स्पष्ट सांगावे. आणि ज्या उस्तादाच्या डोक्यातून नियम घेतले, त्याचा मोबदला व मान दोन्ही राखावे. ऑर्डरी वाढल्या तर त्यातला वाटा त्याच्यापर्यंत पोहोचला पाहिजे.

सुरुवात लहान करावी. आधी फक्त एका प्रकारचा पडदा घ्यावा. जुन्या दहा ऑर्डरींची मापे शीटमध्ये भरून उत्तर वहीशी ताडून पाहावे. जुळले तरच पुढे जावे. शीटची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी, आणि सूत्रांच्या रकान्यांना कुलूप लावावे. सोफेवाले व सुतार बांधवांनाही हीच वाट आहे; प्लायवूडचा ८ बाय ४ फुटांचा ताव ३२ चौरस फुटांचा, त्याच्या कापाचा हिशेबही असाच मांडता येतो.

रात्रीचे दोन तास वाचले तर ते घरच्यांना द्यावेत, किंवा नवे गिऱ्हाईक गाठावे. पण माप घेतले त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत आकडा गिऱ्हाइकाच्या हाती पडला पाहिजे, एवढा नियम आपल्या दुकानात आजपासून लावून पाहावा, असे आम्ही आमच्या व्यापारी बांधवांना सुचवतो.