एक ग्रह सांपडला, दुसरा सांपडला नाहीं

‘मीं स्वतः डोळ्यांनीं पाहिलें,’ असें कोणी म्हटलें कीं आपल्या घरांतील बहुतेक वाद तेथेंच मिटतात. त्याच्या खालोखाल मान ‘अमुक वडीलधाऱ्यांनीं सांगितलें’ ह्या वाक्यास असतो. आणि ‘त्यावरून असें दिसतें’ असें म्हणणाऱ्या मुलास मात्र ‘तर्कटी’ ही पदवी मिळते. नैयायिकांनीं ह्या तिन्ही वाटांस प्रत्यक्ष, शब्द व अनुमान अशीं नांवें दिलीं, उपमान ही चौथी वाट त्यांत घातली, आणि प्रत्येक वाटेनें खरें ज्ञान होऊं शकतें असें ठरविलें. ज्या घरांत एके काळीं अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ पाठ होत असे, तेथें पर्वतावरील धूर व त्यावरून कळणारा अग्नि यांची नव्यानें ओळख करून देण्याचें कारण नाहीं. परंतु या वाटेनें निघालेला मनुष्य मुक्कामास पोंचतो आहे कीं चुकतो आहे, हें त्याचें त्याला चालतांना कळतें काय? ह्या प्रश्नाचा विचार करतांना आकाशांतील एक हकीगत आम्हांस फार उपयोगी वाटते. कारण तींत मनुष्य एकच, युक्तीही एकच, आणि निकाल मात्र दोन.

१३ मार्च १७८१ रोजीं इंग्लंडांतील बाथ गांवीं विल्यम हर्शेल यास युरेनस ग्रह सांपडला. आपल्या पंचांगांतून ज्याचें नांव अद्यापि ‘हर्षल’ असें छापतात तोच हा. पुढें पन्नास-साठ वर्षें त्याचे वेध घेतां घेतां ज्योतिषी चकित झाले. न्यूटनच्या नियमाप्रमाणें गणित करावें, तर ग्रह सांगितल्या जागीं येईना. आधीं किंचित् पुढें, मग किंचित् मागें. पॅरिसच्या उर्बेन लव्हेरिए नांवाच्या गणितज्ञानें असा तर्क केला कीं, ह्याच्याही पलीकडे कोणी न दिसणारा ग्रह असून तो यास ओढीत आहे. धुरावरून अग्नि, तसा हा ढळण्यावरून ग्रह! पण लव्हेरिए तेवढ्यावर थांबला नाहीं. तो अज्ञात ग्रह आकाशांत नेमका कोठें असेल हें त्यानें कागदावर मांडून काढलें व बर्लिनच्या वेधशाळेस पत्र लिहिलें. तें पत्र २३ सप्टेंबर १८४६ रोजीं योहान गाल्ले याच्या हातीं पडलें. त्याच रात्रीं गाल्ले दुर्बिणीशीं बसून एकेक तारा सांगूं लागला व डारेस्ट नांवाचा त्याचा तरुण साथी नकाशांत तो आहे कीं नाहीं हें ताडून पाहूं लागला. थोड्याच वेळांत नकाशांत नसलेला एक ठिपका निघाला. सांगितलेल्या जागेपासून तो एका अंशाहूनही कमी अंतरावर होता. हाच नेपच्यून.

(इंग्लंडांत जॉन ॲडम्स यानेंही स्वतंत्रपणें असेंच गणित केलें होतें, व श्रेय कोणाचें यावरून दोन्ही राष्ट्रांत बराच कडवट वाद झाला. त्यांत शिरण्याचें येथें कारण नाहीं.)

आतां प्रत्यक्षाची मौज पाहा. हाच ठिपका गॅलिलिओनें डिसेंबर १६१२ मध्यें व पुन्हा जानेवारी १६१३ मध्यें आपल्या दुर्बिणींतून पाहून टिपून ठेवला होता. तो त्यास तारा वाटला. १७९५ सालच्या मे महिन्यांत ८ व १० तारखेस पॅरिसच्या लालांद यानें तो दोनदां पाहिला. दोन दिवसांच्या जागा जुळेनात, तेव्हां आपलें पहिलें मोजमाप चुकलें असें समजून त्यानें तें बाजूस टाकलें. ग्रह हलला होता, आणि निरीक्षकानें दोष आपल्या हाताला दिला! खुद्द १८४६ सालच्या ऑगस्टांत केंब्रिजचा चॅलिस हा याच ग्रहाच्या शोधांत असतांना त्याच्या डोळ्यांपुढून तो दोनदां गेला. म्हणजे डोळ्यांनीं पाहिलेल्यांना जें कळलें नाहीं, तें न पाहिलेल्या लव्हेरिएला कळलें.

एवढें यश पदरीं पडल्यावर त्याच मनुष्यानें तीच युक्ति दुसऱ्या ठिकाणीं लावली तर त्यांत नवल काय? सूर्यास सर्वांत जवळचा जो बुध, त्याच्या कक्षेचा सूर्याजवळचा बिंदु हळूहळू पुढें सरकतो. इतर ग्रहांच्या ओढीचा हिशेब वजा केला, तरी शंभर वर्षांत सुमारें ३८ विकलांचें सरकणें शिल्लक राहतें, असें लव्हेरिएनें १८५९ सालीं दाखविलें. पुढें न्यूकम यानें तो आंकडा ४३ ठरविला. हें किती सूक्ष्म? पूर्ण चंद्रबिंबाच्या रुंदीइतकें अंतर या गतीनें कापावयाचें तर चार हजारांहून अधिक वर्षें लागतील. परंतु गणितांत शिल्लक ती शिल्लकच. बुधाच्याही आंत एखादा न दिसणारा ग्रह, किंवा लहान ग्रहांचा थवा असावा, असें अनुमान निघालें.

आणि साक्षीदारही मिळाला. ओर्झेर ह्या फ्रेंच खेड्यांतील लेस्कार्बो नांवाच्या वैद्यानें कळविलें कीं, २६ मार्च १८५९ रोजीं आपण सूर्यबिंबावरून एक काळा ठिपका सव्वा तासाहून किंचित् अधिक वेळ जातांना पाहिला. वर्ष सरतां सरतां लव्हेरिए आगाऊ न कळवितां त्याच्या दारीं जाऊन उभा राहिला व त्यानें त्याची कसून उलटतपासणी केली. घड्याळास सेकंदाचा कांटा नाहीं, मग वेळ कशी मोजलीत? वैद्यबुवांनीं दोऱ्यास बांधलेला हस्तिदंती गोळा काढून दाखविला. गणित कोठें आहे? तें लांकडी फळीवर केलेलें. फळी भरली कीं रंधा मारून पुन्हां वापरावयाची. त्या गरीब व सरळ माणसाचें तें सारें पाहून लव्हेरिएची खात्री पटली. ग्रहाचें नांव ‘व्हल्कन’ ठरलें, वैद्यास सरकारी सन्मान मिळाला.

ह्या भेटीविषयीं आम्हांस फार विचार करावासा वाटतो. आप्तवाक्य प्रमाण खरें. पण आप्त कोण? जें जसें आहे तें तसें जाणणारा, आणि जाणलेलें तसेंच सांगणारा. हीं दोन लक्षणें निराळीं आहेत. लव्हेरिएनें दुसऱ्याची परीक्षा उत्तम केली. वैद्य खोटें बोलत नव्हता हें निःसंशय. परंतु पहिल्याची परीक्षा त्या खोलींत बसून होण्यासारखीच नव्हती. त्याच वेळीं ब्राझीलमध्यें लिए नांवाचा फ्रेंच ज्योतिषी अधिक चांगल्या दुर्बिणीनें सूर्याकडे पाहत होता. त्यास कांहींच दिसलें नव्हतें. घराघरांतून आपण हेंच करतों. सांगणारा भला आहे एवढें ठरलें कीं सांगितलेलें खरें ठरतें. आणि तें खोटें ठरलें तर भल्या माणसासच लबाड म्हणूं लागतों.

लव्हेरिएनें २२ मार्च १८७७ हा दिवस पुढच्या भेटीचा म्हणून सुचविला. ज्योतिषी डोळे लावून बसले. सूर्यबिंब स्वच्छ राहिलें. त्याच वर्षीं २३ सप्टेंबरला, म्हणजे नेपच्यून सांपडला त्याच तिथीस एकतीस वर्षांनीं, लव्हेरिए वारला. व्हल्कनवरील विश्वास त्यानें सोडला नव्हता. पुढील वर्षींच्या अमेरिकेंतील खग्रास ग्रहणांत वॉटसन व स्विफ्ट या दोघां नामांकित निरीक्षकांनीं ‘पाहिला, पाहिला’ म्हणून सांगितलें. पण त्यांचे ठिपके एकमेकांशीं जुळेनात. विसाव्या शतकाच्या आरंभीं लिक वेधशाळेनें एकामागून एक ग्रहणांचीं छायाचित्रें घेतलीं. त्यांत व्हल्कन नव्हता.

मग चूक कोठें झाली? गणितांत नव्हे; त्या विकला खऱ्याच होत्या. येथें आपल्या तर्कशास्त्रांतील ‘उपाधि’ हा शब्द कामास येतो. ‘जेथें अग्नि तेथें धूर’ असें कोणी म्हणेल तर तें खोटें; लोखंडाचा गोळा लाल तापला तरी धुरत नाहीं. धूर निघावयास सरपण ओलें लागतें, हें स्वयंपाकघरांत कोणासही ठाऊक असतें. तें ओलेपण म्हणजे ती न बोललेली अट, उपाधि. लव्हेरिएच्या अनुमानांतील न बोललेली अट ही कीं, न्यूटनचा नियम सूर्याच्या अगदीं जवळही जसाच्या तसा लागू आहे. युरेनसपाशीं ती अट पाळली गेली, बुधापाशीं नाहीं. नोव्हेंबर १९१५ मध्यें आल्बर्ट आइन्स्टाइननें गुरुत्वाकर्षणाची नवी उपपत्ति मांडून कोणताही नवा ग्रह न कल्पितां त्याच ४३ विकला काढून दाखविल्या.

चार्वाक म्हणेल, ‘मग अनुमानच टाका, उपाधि नाहीं अशी खात्री कोणास कधीं होणार?’ याला दहाव्या शतकांतील उदयनाचार्यांनीं दिलेलें उत्तर मोठें मार्मिक आहे. संशय घ्यावा, पण जेथें तो स्वतःच्याच वर्तनाशीं विरोधूं लागतो तेथें त्याची हद्द संपते. धुरासाठीं विस्तवच पेटविणाऱ्यानें धूर विस्तवापासून होतो कीं नाहीं अशी शंका बोलूं नये. खंडनकार श्रीहर्षानें हें उत्तर त्याच्याच शब्दांनीं उलटविण्याचा प्रयत्न केला. तरी संसार करणाऱ्या माणसास उदयनाचार्यच जवळचे वाटतील.

मीमांसक म्हणतात, ज्ञान बाधित होईपर्यंत आपोआपच प्रमाण. नैयायिक म्हणतात, छे! पाणी दिसलें, जवळ गेलों, प्यालों व तहान भागली, म्हणजे मागाहून तें प्रमाण ठरतें. आमचा कल नैयायिकांकडे आहे. एवढें मात्र खरें कीं तहान भागली तरी सारेंच सिद्ध होत नाहीं. लव्हेरिएनें नेपच्यूनचें सूर्यापासूनचें अंतर पृथ्वीच्या ३६ पट व एका प्रदक्षिणेस सुमारें २१७ वर्षें धरलीं होतीं. प्रत्यक्षांत अंतर ३० पट व वर्षें १६५ निघालीं. त्या काळापुरती दिशा बरोबर आली म्हणून ग्रह सांपडला. ग्रह आहे हें निश्चित. ज्या वाटेनें तो कळला तिचा बराचसा भाग कच्चा होता. आणि मनांतील खात्री? ती १८४६ मध्यें जेवढी, तेवढीच १८७७ मध्यें. तिच्यावरून दोहोंतील भेद त्यास कळण्याजोगा नव्हता.

२०१६ सालीं कॅलिफोर्नियांतील बॅटिगिन व ब्राउन या दोघां शास्त्रज्ञांनीं नेपच्यूनपलीकडील कांहीं लहान गोलांच्या कक्षा एका बाजूस झुकलेल्या पाहून, तेथें पृथ्वीच्या कित्येक पट वजनाचा एक न दिसणारा ग्रह असावा असें अनुमान मांडलें. दुसरे शास्त्रज्ञ म्हणतात कीं, झुकलेल्या कक्षाच तेवढ्या आपल्या दुर्बिणींस दिसतात, म्हणून तसें वाटतें. आकाशाच्या छायाचित्रांत त्याचा शोध सुरू आहे. अद्याप तो कोणास सांपडलेला नाहीं.